दहांतला एक

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘कृतज्ञता’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मीच का, असं विचारलं तर म्हणाले, ‘तू दर रविवारी चर्चला जातेस, तुला जमेल.’ चर्चमध्ये मी बहुतेक वेळा मागच्या बाकावर बसून सोमवारच्या कामाची काळजी करत असते, हे त्यांना माहीत नसावं. पण विषय टाळता आला नाही, कारण या विषयावर माझं एक देणं बाकी आहे आणि ते याच शाळेत झालेलं आहे.

आपल्या वर्गात धर्माचं कधी फार बोलणं झालं नाही. चैत्रात महाकालीची यात्रा भरली की अर्धा वर्ग गैरहजर असायचा. 16 ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जायचं, कारण 1956 मध्ये त्याच तारखेला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली होती, हे मला तुमच्यापैकीच एकीच्या आईनं सांगितलं. आणि 25 डिसेंबरला तुम्ही सगळे आमच्या घरी करंज्या खायला यायचात. आमचं घर चांद्याच्या जुन्या मिशनमधलं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून मिशनरी इथे आले, त्या काळात माझे पणजोबा ख्रिस्ती झाले. बाबा चर्चच्या कमिटीवर होते. मला सहा-सात वर्षांची असल्यापासून संडे स्कूलमधल्या गोष्टी पाठ होत्या. त्यातलीच एक आज सांगते.

लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात ती आहे. येशू एका गावात शिरत असताना दहा कुष्ठरोगी त्याला भेटतात. ते दूर उभे राहून हाका मारतात. दूर का, तर नियमच तसा होता. लेवीय नावाच्या जुन्या पुस्तकात लिहिलं आहे की, अशा माणसानं वस्तीबाहेर राहावं आणि आपण अशुद्ध आहोत हे ओरडून सांगावं. येशू त्यांना सांगतो, जा आणि याजकांना दाखवा. म्हणजे बरे झाल्याची पडताळणी करून घ्या. ती झाल्याशिवाय घरात घेणार कोण? ते निघतात आणि वाटेतच बरे होतात. दहांतला एक परत फिरतो, येशूच्या पायांवर पडतो आणि आभार मानतो. तो शोमरोनी असतो, म्हणजे यहुदी लोक ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत त्यांच्यातला. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत?

लहानपणी मला त्या नऊ जणांचा राग यायचा. आता येत नाही. ते वाईट नव्हते. त्यांना सांगितलं होतं तेच ते करत होते. दाखला घ्यायचा होता, घरी जायचं होतं, बायकापोरांना किती वर्षांनी जवळ घ्यायचं होतं. त्यांचं पुढचं आयुष्य सुरू झालं होतं. मीही तशीच दहावीनंतर इथून निघाले. इंजिनिअरिंग, पुणे, नोकरी, संसार.

आज इथे शिक्षकांचे सत्कार झाले, शाल-श्रीफळ झालं. त्या यादीत मामाजींचं नाव नव्हतं. शाळेचे शिपाई मामाजी, तुम्हाला सगळ्यांना आठवत असतील. त्यांचं नाव मी घेत नाही, कारण त्यांनीच घेऊ नको म्हटलं आहे. मात्र ही गोष्ट सांगायला त्यांची हरकत नाही.

1993चा मार्च. आपण सहावीत होतो. सकाळची शाळा, तरी दहा वाजताच चांद्याचं ऊन डोक्यात जायचं. कवायतीत मला चक्कर आली. मामाजींनी मला उचलून व्हरांड्यात सावलीत बसवलं, रांजणातून ओगराळ्यानं पाणी काढून पेला भरला आणि माझ्या तोंडाजवळ धरला. मी पहिल्यांदा त्यांचे हात जवळून पाहिले. उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती, बाकीची आत वळलेली. मी तोंड फिरवलं. त्यांनी एक क्षण पेला तसाच धरला, मग कट्ट्यावर ठेवला आणि चार पावलं मागे जाऊन उभे राहिले. ते गेल्यासारखे वाटल्यावर मी तो उचलून प्यायले. तहान तर लागलीच होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर अकरा वर्षांच्या पोरीचा अडाणीपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी घरी जाऊन सांगितलं. आईनं शेजारी सांगितलं. आठवड्याभरात पालकांचं एक पत्र तयार झालं, मुलांच्या पाण्याजवळ हा माणूस नको म्हणून. त्यावर माझ्या बाबांचीही सही होती. त्याच रविवारी बाबांनी चर्चमध्ये वाचन केलं होतं. कुठलं ते आठवत नाही, आणि आठवत नाही तेच बरं. मामाजींना पाण्यावरून काढून फाटकावर आणि घंटेवर ठेवलं. आपण सगळ्यांनी ती घंटा पुढची चार वर्षं ऐकली.

त्यांचा रोग तेव्हा कधीच बरा झाला होता. खिशात सरकारी दवाखान्याचा दाखला असायचा. 1980च्या दशकात आपल्याकडे बहुविध औषधांचा उपचार आला. तो सुरू झाला की थोड्याच दिवसांत रोगी कोणाला लागण देण्याजोगा राहत नाही. बोटं रोगानं झडतात असं आपण मानत होतो, तेही खरं नाही. नसा बधिर होतात, भाजलं-कापलं कळत नाही, जखमा चिघळतात आणि हाड आखडत जातं. उपचारानं जंतू मरतात, पण गेलेली बोटं परत येत नाहीत. म्हणजे जे पाहून आपण घाबरत होतो ती जुनी खूण होती. हे मला फार उशिरा कळलं. आणि हे सगळं कुठे, तर वरोरा ज्या जिल्ह्यात आहे तिथे! आनंदवनाची सहल आपण सगळ्यांनी केली होती, वहीत निबंध लिहिला होता, मला त्यात चांगले गुणही मिळाले होते.

बाबा आमट्यांची तुळशीरामची गोष्ट आपण सगळे जाणतो. पावसात गटाराच्या कडेला पडलेला तो माणूस पाहून बाबा आधी पळून गेले होते. मग परत आले. निबंधात मी त्यांच्या पळण्याबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. थोर माणसाबद्दल असं कसं लिहायचं, म्हणून. आज तो निबंध लिहिला तर मी तिथूनच सुरुवात करीन.

अजून एक आठवतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असतील. रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, 1900 मध्ये. मधल्या काळात त्यांना मोठमोठ्या धर्मतत्त्वांपेक्षा जास्त छळणारा प्रश्न होता तो कोणाच्या हातचं पाणी प्यायचं याचा. तो मनातून सुटला, मग पुढचं सोपं झालं. आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती होत्या आणि तोच प्रश्न आम्ही उलट्या दिशेनं सोडवला.

आता 1997. दहावीची परीक्षा, बीजगणिताचा पेपर. केंद्र आपल्याच शाळेत होतं. फाटकाशी पोहोचले आणि लक्षात आलं की हॉल तिकीट घरी टेबलावर राहिलं. मी रडायला लागले. मामाजींनी पत्ता विचारला, सायकल काढली आणि गेले. जाऊन-येऊन चार किलोमीटर तरी असेल. घंटा व्हायच्या आधी ते परत आले, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. त्यांनी हॉल तिकीट पुढे केलं आणि मी ते त्याच वाकड्या बोटांमधून ओढून घेतलं आणि पळाले. या वेळी मला काहीच वाटलं नाही. पाणी चालत नव्हतं, कागद चालला. निकालाच्या दिवशी मी सगळ्या शिक्षकांना पेढे दिले. फाटकावरून जाताना डबा रिकामा झालेला होता.

नंतरची सव्वीस वर्षं मी परत फिरले नाही.

माझं काम बँकांसाठी माणसाची ओळख पटवणारं सॉफ्टवेअर लिहिण्याचं आहे. अंगठा, डोळे, चेहरा. आमच्या मीटिंगमध्ये शंभरातल्या नव्याण्णवांची ओळख पटली की टाळ्या पडतात. उरलेल्या एकासाठी एक शब्द असतो, ‘अपवाद’. अपवादांचं पुढच्या वेळी बघू, असं मी स्वतः कितीदा लिहिलं आहे. लूकच्या त्याच शुभवर्तमानात दोन अध्याय आधी नव्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेल्या एकाच्या मागे जाणारा मेंढपाळ आहे. आमच्या मॅनेजरनं त्याला ठेवून घेतलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आईकडे आले होते. मामाजी चामोर्शीकडे त्यांच्या गावी असतात असं कळलं आणि गेले. वैनगंगा ओलांडताना मनात भाषण तयार करत होते. तिथे पोहोचले तर ते अंगणात खाटेवर बसलेले, ऐंशीच्या घरात. सांगितलं कोण ते. थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘तू त पेपरवाली पोरगी नं? हाल तिकीट घरी ठेवून आली होती थे.’ मग आत हाक मारली, ‘सुनबाई, पाणी आन वो.’

पाण्याची घागर त्यांच्या खाटेपासून हाताच्या अंतरावर होती. सून मागच्या वाडीत होती, तिला यायला वेळ लागला. तोवर आम्ही दोघं तसेच बसलो. ती आली आणि तिनं घागरीतून गडवा भरून माझ्या हातात दिला. नंतर ती म्हणाली, बाबा पाहुण्याला स्वतःच्या हातानं पाणी देतच नाहीत, आधीपासूनच.

मी मनात तयार केलेलं भाषण तिथेच संपलं. तरी त्या दिवसाबद्दल, पत्राबद्दल मी जमेल तसं बोलले, माफी मागितली. ते म्हणाले, ‘असं काही झालं होतं का? मले नाही आठवत.’ खरंच विसरले होते की माझ्यासाठी विसरले, हे मला कळलं नाही.

मग त्यांनी त्यांची अडचण सांगितली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. मशीनवर अंगठा उमटत नाही. प्रत्येक वेळी ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं येतं. मी म्हटलं, हे तर माझं काम. फोनवर चेहऱ्यानं करायला घेतलं. त्यात जिवंतपणा ओळखण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. कुष्ठरोगानं पापण्यांच्या नसाही जातात. त्यांचा डावा डोळा पूर्ण मिटत नाही. तीनदा केलं, तीनदा नाकारलं. समोर बसलेला माणूस माझ्याशी बोलत होता, हसत होता, आणि तो जिवंत आहे हे माझ्याच धंद्यातल्या यंत्राला पटत नव्हतं. शेवटी त्यांना गाडीत घालून बँकेत नेलं. तिथल्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं, कागदावर सही-शिक्का केला. पाच मिनिटं लागली.

पुण्याला परतल्यावर आमच्या टीममध्ये ‘अपवाद’ या रकान्यावर दोन माणसं बसवायला लावली. फार काही झालं असं नाही, भांडणं मात्र बरीच झाली. 2019 मध्ये कायद्यातून, आमच्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यातूनसुद्धा, कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण काढून टाकलं गेलं. कायद्याला एवढी वर्षं लागली, तर एका रकान्याला थोडा वेळ लागणारच.

आणि एक व्यावहारिक गोष्ट. मागच्या नोव्हेंबरात मी गेले होते. या नोव्हेंबरात मला येता येईल असं दिसत नाही. तुमच्यापैकी गडचिरोली आणि चामोर्शीकडे जे राहतात, त्यांच्यातल्या कोणीतरी गाडी घेऊन त्यांना बँकेत न्यायचं आहे. एक सकाळ जाईल. गावाचं नाव आणि सुनेचा फोन नंबर माझ्याकडे आहे. चहाच्या वेळी मी डाव्या बाजूच्या खिडकीजवळ उभी असेन.