मेण लावलेलें काडतूस

रायफल म्हटली कीं लोकांचें लक्ष नळीकडे आणि चापाकडे जातें. काडतुसाचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः रायफल ही काडतुसाभोवतींच बांधलेली असते. 1920 नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या लष्करानें अर्धस्वयंचलित रायफलीचा जो शोध चालविला, त्यांत याचा चांगलाच प्रत्यय आला.

आपल्याकडील पोलिसांची थ्री-नॉट-थ्री ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ठाऊक असेल कीं तिच्या प्रत्येक बारानंतर शिपायाला बोल्ट हातानें मागेंपुढें करावा लागे. अर्धस्वयंचलित रायफलींत हें काम बाराच्याच जोरावर होतें. शिपायानें फक्त चाप ओढावयाचा. अडचण अशी, कीं अमेरिकन सैन्याचें .30 इंची काडतूस भारी जोराचें होतें. तें सोसेल अशी यंत्रणा करावी तर बंदूक जड होई, हलकी ठेवावी तर भाग तुटत.

जॉन पेडरसन या कल्पक शस्त्रकारानें यावर सरळ तोडगा काढला: आधीं काडतूसच बदलावें. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेंत त्यानें .276 इंची लहान काडतूस तयार केलें. गोळी 125 ग्रेन वजनाची, वेग सेकंदाला सुमारें 2,700 फूट. धक्का कमी, वजनहि कमी. म्हणजे तेवढ्याच ओझ्यांत शिपायाला अधिक बार बरोबर नेतां येत. त्याच्या रायफलींत मात्र एक खोड होती. तिचा कोपरासारखा दुमडणारा सांधा नळींतील दाब पुरता उतरण्यापूर्वींच उघडूं लागे. त्या वेळीं काडतुसाचें पितळी कवच फुगून भिंतीला घट्ट चिकटलेलें असतें. तें ओढावें तर फाटण्याची भीति. म्हणून पेडरसननें प्रत्येक काडतुसावर मेणाचा अत्यंत पातळ लेप दिला. हाताला तो कोरडा लागे, आंतल्या उष्णतेनें वितळे, आणि कवच अलगद सुटे. युक्ति सुंदर खरी. पण मेणावांचून ज्याचें चालत नाहीं असें शस्त्र चिखलांत नि धुळींत लढणाऱ्या फौजेच्या हातीं देतांना कोणताहि सेनाधिकारी बिचकेल.

त्याच शस्त्रशाळेंत कॅनडांत जन्मलेला जॉन गॅरंड काम करीत होता. त्याच्या रायफलींत गोळीमागच्या वायूचा थोडा अंश नळीच्या तोंडाशीं अडविला जाई, आणि तो दट्ट्याला ढकली. गोळी बाहेर पडेपर्यंत बोल्ट बंदच राही. मेणाची गरज उरत नसे. गंमत ही, कीं ही रायफल त्यानें पेडरसनच्याच काडतुसासाठीं जुळविली!

लहान गोळीनें शत्रु थांबेल का, ही शंका होतीच. 1928 सालीं भूल दिलेल्या डुकरांवर .256, .276 आणि .30 अशा तिन्ही व्यासांच्या गोळ्या झाडून जखमा तपासण्यांत आल्या. वर्णन ऐकूनच अंगावर कांटा यावा. निष्कर्ष मात्र अनपेक्षित निघाला. जवळच्या अंतरावर सर्वांत लहान गोळीचीच जखम सर्वांत भयंकर ठरली. 1932 च्या आरंभीं परीक्षक मंडळानें .276 इंची गॅरंड रायफलीची शिफारस केली. तिच्यांत दहा काडतुसें मावत.

त्याच फेब्रुवारींत सेनाप्रमुख जनरल डग्लस मॅकार्थर यांनीं .276 ला नकार दिला. .30 काडतुसांचा प्रचंड सांठा पडून होता, मशीनगनहि त्यांवरच चालत, आणि देश मंदीनें गांजलेला होता. या निर्णयाला अदूरदर्शी म्हणण्याचा मोह होतो, कारण 1960 नंतर त्याच लष्करानें याहूनहि लहान, 5.56 मिलिमीटरचें काडतूस स्वीकारलेंच. पण रिकाम्या तिजोरीच्या त्या दिवसांत नव्या काडतुसाचा हट्ट धरला असता, तर कदाचित् नवी रायफलहि हातची गेली असती.

गॅरंडपुढें काम सोपें नव्हतें. 1931 च्या चांचणींत त्याच्या.30 इंची रायफलीचा बोल्ट तडकला होता. तरी 9 जानेवारी 1936 रोजीं त्याची एम-1 रायफल मान्य झाली, आणि दुसऱ्या महायुद्धांत तिचे सुमारें 40 लाख नग तयार झाले. काडतूस मोठें, म्हणून तिच्यांत दहाऐवजीं आठच बसत. पेडरसनची रायफल ब्रिटनमध्यें व्हिकर्स कंपनीनें बनवून पाहिली. ब्रिटिश सैन्यानेंहि ती घेतली नाहीं. आणि गॅरंड? त्यानें आपले हक्क सरकारला देऊन टाकले होते. त्याला एक लाख डॉलर द्यावे असें विधेयक अमेरिकन काँग्रेसपुढें आलें, परंतु तें संमत झालें नाहीं.