भांड्यांवरची नावे
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शताब्दीच्या निमित्ताने मी ग्रंथांविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मराठीच्या अध्यापकाकडून ती गैर नाही. तथापि ज्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले नाहीत अशा वस्तूंच्या राखणदाराविषयी बोलण्याची परवानगी मी आज घेतो. वस्तुसंग्रहालयात सामाजिक इतिहासाचा अभिरक्षक म्हणून जो बसतो त्याचे काम कोणते, आणि बडोद्यात ते कोणी करावयाचे, एवढाच माझा विषय आहे.

बडोद्याला संग्रहालयांची वाण नाही. कमाटीबागेतले संग्रहालय सयाजीराव महाराजांनी १८८७ मध्ये स्थापन केले. त्याची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. शेजारची चित्रशाळा पहिल्या महायुद्धामुळे रखडून १९२१ मध्ये खुली झाली. पुढे डॉ. हर्मन गोएट्झ यांच्यासारखा जर्मन पंडित या संग्रहालयाला लाभला. राजवाड्याच्या आवारात रविवर्म्याची चित्रे आहेत, रावपुऱ्यात तांबेकर वाड्याच्या भिंती आहेत, आणि आपल्या विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते. आपण पाहुण्यांना हे सारे अभिमानाने दाखवतो. मुले ममी आणि देवमाशाचा सांगाडा पाहून हरखून घरी येतात. पण गायकवाडांच्या चाकरीसाठी घाटावरून आणि कोकणातून जे कारकून, शिलेदार, शिक्षक, भिक्षुक आणि स्वयंपाकिणी इथे आल्या, त्यांच्या चुलीपाशी काय होते हे कोणत्या कपाटात पाहावे?

पुण्यात या प्रश्नाला एका कवीने उत्तर दिले. 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या, वज्र्या, दौती अशा घरगुती चिजा आयुष्यभर गोळा केल्या, अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो शासनाच्या स्वाधीन केला. त्यात राजेरजवाड्यांच्या वस्तू नाहीत असे नाही. पण पाय घासायची वज्री काचेआड ठेवण्याच्या योग्यतेची आहे, हे मराठी माणसाला पहिल्यांदा केळकरांनी पटवले. (कवींना व्यवहार कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी पुण्याला जाऊन हा संग्रह जरूर पाहावा.)

आता अभिरक्षकाच्या कामाकडे वळतो. वस्तू जमवणे हा त्यातला सोपा भाग होय. आपल्या घरात नवे भांडे आले की त्यावर नाव घालून घेण्याची रीत होती. छिन्नी-हातोडी घेऊन कारागीर दारी येई, ओसरीवर बसे आणि टिंबाटिंबांनी अक्षरे उठवी. कुणी दिले, कुणाला दिले, लग्नात की मुंजीत, कोणत्या साली, हे सारे तांब्याच्या गळ्याशी बोटभर जागेत मावत असे. माझ्या मते हा लहानसा शिलालेखच आहे. ज्या बाईचे नाव कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, तिचे नाव पुष्कळदा तिथे सापडते. आणि आपण काय करतो? दर सणाला चिंच लावून ते घासतो. अभिरक्षक घासत नाही. तो वस्तू मऊ कापडाने पुसतो, मापे घेतो, क्रमांक देतो आणि देणाऱ्याला प्रश्न विचारत बसतो: हे कुठल्या खोलीत असे? कोण वापरी? कोणाला हात लावायची मनाई होती? ही उत्तरे नोंदवहीत उतरली नाहीत, तर संग्रहालयातला तांब्या आणि बाजारातला तांब्या यांत फरक उरत नाही.

'कोणाला मनाई होती' हा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी विश्रांतिगृहाच्या नोंदवहीत पारशी नाव लिहून त्यांनी एका अंधाऱ्या माडीवर दिवस काढले. खरी ओळख कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते कमाटीबागेत बसले होते, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. संग्रहालय त्याच बागेत आहे! त्या नोंदवहीचे पान तिथे काचेखाली असते, तर बडोद्याच्या सामाजिक इतिहासाचे ते पहिले दालन ठरले असते. आपल्या वाड्यांतल्या वस्तू मांडताना या पानासाठी जागा मोकळी सोडणारा अभिरक्षक मला हवा आहे. नुसती पैठणी आणि समई मांडली की ते संग्रहालय राहत नाही. लग्नातले रुखवत होते.

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगतो, तेही सांगून टाकतो. आमचे जुने घर विकले गेले तेव्हा मी तिशीत होतो, एम. ए. झालो होतो आणि स्वतःला इतिहासाचा जाणकार समजत होतो. आजीची तांब्या-पितळेची भांडी आम्ही वजनावर दिली. मोडवाल्याने तराजू लावला, मी आकडे टिपून घेतले. भांड्यांवरची नावे मात्र टिपली नाहीत. आजीच्या माहेरच्या आडनावाविषयी घरात आज दोन मते आहेत, आणि तिला लग्नात मिळालेल्या घंगाळावर ते कोरलेले होते, एवढे मला पक्के आठवते. मोडी कागदांचे एक गाठोडे त्याआधीच एका संस्थेला दिले होते. काही वर्षांनी चौकशी केली तेव्हा तिथे पावतीही नव्हती, गाठोडेही नव्हते. मोडीतले कागद मोडीत निघाले, दुसरे काय!

म्हणून वाचनालयाला एक विनंती आहे. मोठी इमारत, अनुदान, समिती यांची वाट पाहू नये. खालच्या दालनात एक जाड नोंदवही ठेवावी. सभासदांनी भांडी घरीच ठेवावीत, फक्त त्यांवरची अक्षरे जशीच्या तशी, अशुद्धे न सुधारता, तीत उतरवावीत. जमल्यास छायाचित्र जोडावे आणि घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारून चार ओळी लिहाव्यात. आपल्याकडे काम करणाऱ्या बाईंच्या घरी काय जपून ठेवले आहे, तेही त्यांच्या संमतीने लिहावे. पहिली नोंद मी करीन. माझ्याकडे आईचा एकच तांब्या उरला आहे, आणि त्यावरचे साल अजून वाचता येते.