जुन्या संगणकाला मोडेम दिसेना

साउंड ब्लास्टरमुळे जगभर पोचलेल्या सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीनं 'मोडेम ब्लास्टर'ही काढले होते. विंडोज ९८च्या संगणकाला असा मोडेम सापडत नसेल, तर कार्ड बाद ठरवण्याची घाई नको. कंट्रोल पॅनेलमधल्या मोडेम्समध्ये डायग्नॉस्टिक्स चालवून पाहा. पुष्कळदा अडचण पोर्टच्या वाटणीत असते. कॉम १ आणि कॉम ३ सहसा एकच इंटरप्ट वापरतात, क्रमांक ४. माउस कॉम १वर आणि मोडेम कॉम ३वर असला, की दोघांची टक्कर होते. मोडेमला मोकळं कॉम २ द्या. तरीही मोडेम दिसत नाही? मग विंडोज फोल्डरातला 'इन्फ' पाहा. तो लपवलेला असतो. मोडेम ओळखण्यासाठी लागणाऱ्या फायली तिथंच असतात. जागा करायला कुणी त्या पुसल्या असतील, तर विंडोजच्या आणि मोडेमच्या मूळ सीडीवरून परत घेता येतात.