हिरवेपणा आणि कार्बन
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



घोड, मीना आणि कुकडी या आपल्या नद्यांचे पाणी डिंभे, वडज व माणिकडोह येथे अडविले गेले आहे. डिंभे जलाशयात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आदिवासी कुटुंबांनी सहकारी संस्थेच्या द्वारे त्याच पाण्यात मासेमारीचा व्यवसाय उभा केला. या मासळीच्या अन्नाचे मूळ कोठे आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

ते मूळ पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पतींत आहे. शास्त्रज्ञ त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. तळे असो वा महासागर, पाण्यातील बहुतेक जीवसृष्टी त्यांच्यावरच पोसली जाते. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा वाटा समुद्रातील वनस्पतिप्लवकांचा आहे. त्यांच्या पेशींत कार्बन किती साठला आहे हे कळले, म्हणजे पाण्यात अन्न किती आहे याचा अंदाज येतो.

हा हिशेब करण्याची सोपी रीत म्हणजे पाण्यातील हरितद्रव्य मोजणे. भारताने 26 मे 1999 रोजी सोडलेल्या ओशनसॅट-1 या उपग्रहावर समुद्राचा रंग टिपणारे उपकरण होते. 2022 मधील ओशनसॅट-3 त्याच मालिकेतील आहे. अशा माहितीच्या आधारे किनाऱ्यावरील मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना दिली जाते.

परंतु हिरवेपणा म्हणजे कार्बन नव्हे. खत कमी पडलेले भात पिवळट दिसते, म्हणून खाचर रिकामे आहे असे कोणी म्हणत नाही. सावलीतील पान गर्द असते, उन्हातील फिके असते. समुद्रातही असेच घडते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्राच्या खालच्या थरातील पोषकद्रव्ये वर येतात. मार्च ते मे या काळात मात्र वरचा थर तापून स्थिर होतो व तेथील पोषकद्रव्ये संपत जातात. अशा निकृष्ट, लख्ख उजेडाच्या पाण्यात पेशी हरितद्रव्य कमी बाळगतात. सकस पाण्यात कार्बन हरितद्रव्याच्या 30 पटींच्या आसपास असू शकतो. निकृष्ट पाण्यात तो 100 पटींहूनही अधिक असतो. एकच गुणक सर्वत्र लावल्यास निकृष्ट पाण्यातील कार्बन फार कमी भरतो.

यावर उपाय आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजून त्यांच्या आकारमानावरून कार्बन काढता येतो. अगदी बारीक पेशी लेसर किरणांपुढून एकेक सोडून मोजतात. पाणी गाळून त्यातील कार्बन मोजणेही शक्य आहे. मात्र त्यात जिवाणू व मृत कणही मिसळलेले असतात. म्हणून दोन-तीन पद्धतींची सांगड घालणे इष्ट ठरते.

याला व्यावहारिक महत्त्व आहे. समुद्र तापत असताना त्याचा हिरवेपणा घटला, तर अन्न घटले की पेशींनी केवळ रंग कमी केला, हे ओळखावे लागेल. आपल्या जलाशयांत तर पावसाळ्यातील गाळ रंगाचा अंदाज आणखी फसवितो. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली किती सोडावी, हे ठरविताना पाण्याच्या रंगावर विसंबून चालणार नाही. बोटुकली जास्त झाली तर मासळी खुरटते. कमी झाली तर पाण्यातील अन्न वाया जाते. दोन्हींचा तोटा मच्छीमार कुटुंबांनाच सोसावा लागतो.

म्हणून जलाशयाचा अहवाल हाती येईल तेव्हा पंचायत सदस्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : हा आकडा रंगावरून काढला, की पेशी मोजून? शिक्षकांनीही विद्यार्थ्यांना थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावे. डोळ्यांना स्वच्छ भासणाऱ्या पाण्यातही केवढे जीवन असते, हे त्यांना तेथेच उमगेल.