परवलीच्या शब्दांची तिजोरी

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या एका कार्यालयात मी गेलो असता कपाटातून चिखलाने माखलेली एक वही निघाली. कार्यालयाचे सर्व परवलीचे शब्द, म्हणजे पासवर्ड, तीत लिहिलेले होते. शाई पसरल्याने एकही अक्षर लागत नव्हते. पूरग्रस्त दारात उभे होते आणि संगणक असूनही काम खोळंबले होते. वही गेल्याचे सर्वांना दुःख झाले. परंतु पुरापूर्वी ती कोणालाही उघडून वाचता येत होती, याची खंत मात्र कोणालाच नव्हती.

गुप्तता राखणे या मातीला नवे नाही. १९४३ ते १९४६ या काळात, सांगलीचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच असताना, येथे प्रतिसरकार चालले. क्रांतिसिंह नाना पाटील यांना इंग्रज सरकार पकडू शकले नाही, कारण गावोगावच्या सामान्य माणसांनी तोंड उघडले नाही. आज गावाचे गुपित संगणकात आहे. पंचायतीचा निधी ई-ग्रामस्वराज प्रणालीतून खर्ची पडतो; विद्यार्थ्यांची माहिती यू-डायस प्लसमध्ये आणि शिक्षकांचे वेतन शालार्थमध्ये असते.

इतके शब्द लक्षात राहत नाहीत. म्हणून आपण एकच शब्द सर्वत्र वापरतो. एका ठिकाणाहून तो फुटला की चोरटे तोच शब्द इतर खात्यांवर लावून पाहतात. एका किल्लीने घर, गोठा आणि तिजोरी उघडावी, तसेच हे होय.

यावर उपाय म्हणजे पासवर्ड मॅनेजर हे ॲप. ते प्रत्येक खात्यासाठी लांब व निराळा शब्द स्वतः तयार करते आणि सर्व शब्द कुलूपबंद सांकेतिक स्वरूपात जपून ठेवते. आपण फक्त एक मुख्य शब्द लक्षात ठेवावयाचा. बिटवॉर्डन हे ॲप फोन व संगणक या दोहोंवर तीच तिजोरी उपलब्ध करून देते, तर कीपास आपल्याच संगणकावरील एका फाइलीत ती ठेवते. दोन्ही विनामूल्य वापरता येतात. आणखी एक लाभ असा की, बँकेच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल समोर आली तरी तिचा पत्ता वेगळा असल्याने ॲप तेथे आपण होऊन शब्द भरत नाही. डोळा फसतो, ॲप सहसा फसत नाही.

मुख्य शब्द कसा असावा? मुलाचे नाव व जन्मसाल कदापि नको. इंग्रजी लहान लिपीतील सहा अक्षरांच्या सुमारे ३१ कोटी जुळण्या होतात. संगणकाला हे काम किरकोळ आहे. उलट २,००० शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द काढले, तर १६ लाख कोटी जुळण्या होतात. पाच काढल्यास अधिक उत्तम.

अर्थात, कोणतीही तिजोरी अभेद्य नसते. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीकडील ग्राहकांच्या सांकेतिक तिजोऱ्यांच्या प्रती चोरीस गेल्या. तेव्हा ज्यांचा मुख्य शब्द दुबळा, त्यांनाच अधिक धोका होता. म्हणून मुख्य शब्द भक्कम असावा, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू ठेवावी आणि तिजोरीची एक प्रत अन्यत्र जपावी. मुख्य शब्द विसरल्यास बहुधा कंपनीही तो परत देऊ शकत नाही. यास्तव तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा. कार्यालयीन संगणकावर असे ॲप बसविण्यापूर्वी वरिष्ठांची अनुमती घ्यावी.

शेवटी एक नाजूक गोष्ट. महिला सरपंचांचा पासवर्ड व डिजिटल स्वाक्षरीची किल्ली पतीच्या किंवा संगणकचालकाच्या खिशात असल्याचे पुष्कळदा आढळते. २०११ पासून राज्यातील पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा मिळाल्या. किल्ली दुसऱ्याकडे असेल, तर अधिकारही दुसऱ्याकडेच राहतो आणि उत्तर मात्र सरपंच भगिनीला द्यावे लागते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैशांची फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

आज घरी गेल्यावर एवढेच करा : सर्वात महत्त्वाच्या एका खात्याचा शब्द बदला आणि ती वही उघड्या कपाटातून बाहेर काढा. गावाने विश्वासाने सोपविलेली किल्ली जपणे, हेही लोकसेवेचेच काम आहे.