पट्टकृमीचं गोत्र

पोटात जंत झाले असं आपण सरसकट म्हणतो. पण एकाच आतड्यात बिऱ्हाड केलेले दोन जंत एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. पट्टकृमीचंच पाहा. पट्टकृमी म्हणजे टेपवर्म.

पाहणाऱ्याला हा गांडुळाचा सख्खा वाटतो. दोघंही लांबोडके, दोघांच्याही अंगाला एकापाठोपाठ एक खंड. पण गांडुळाचे नवे खंड शेपटीकडे तयार होतात. पट्टकृमीचा नवा खंड निघतो तो डोक्यालगत, आणि जुने मागे सरकत जातात. गाईच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीत असे हजारावर खंड असतात आणि लांबी कित्येक मीटर भरते. शेवटच्या पिकलेल्या खंडांत अंड्यांखेरीज फारसं काही उरत नाही. ते तुटतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडतात. शिवाय याला तोंड नाही, आतडंही नाही. दुसऱ्यानं पचवलेलं अन्न अंगभर शोषून घ्यायचं, मग तोंड हवं कशाला?

लिनियसनं अठराव्या शतकात गांडूळ, जळू, गोगलगाय आणि पट्टकृमी सगळ्यांना एकाच वर्गात कोंबलं होतं. पुढे पट्टकृमी चपट्या कृमींच्या संघात गेला. तिथे त्याच्या सोबतीला यकृतकृमी आहे, पाण्यातला प्लॅनेरियाही आहे.

पण खरा घोळ वेगळाच होता. डुकराच्या मांसात कधीकधी पाण्यानं भरलेले बारीक पांढुरके फोड सापडतात. त्यांना शास्त्रज्ञ कृमींचा एक स्वतंत्र गण मानत. फ्रीड्रिश क्यूखेनमाइस्टर या जर्मन डॉक्टरचं म्हणणं होतं, ही पट्टकृमीचीच पोरं. त्यानं देहान्ताची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या जेवणात, त्याला पत्ता लागू न देता, ते फोड मिसळले. शिक्षा अमलात आल्यावर आतडं उघडलं, तर आत कोवळे पट्टकृमी! १८५५ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. वाचताना आजही अंगावर काटा येतो, पण तो गण त्यामुळेच निकालात निघाला.

डुकराच्या मांसातून येणाऱ्या याच पट्टकृमीची अंडी अस्वच्छ हातांतून किंवा न धुतलेल्या भाजीतून माणसाच्या पोटात गेली, तर तेच फोड माणसाच्या मेंदूत होतात आणि फिट्स येऊ लागतात. त्यासाठी डुकराचं मांस खावंच लागतं असं नाही. शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो.

मग आतड्यातला शेजारी गोलकृमी पट्टकृमीचा कोण? १९९७ साली जनुकांच्या तुलनेतून दिसलं, की गोलकृमी कात टाकणाऱ्या प्राण्यांत, म्हणजे कीटकांच्या आणि खेकड्यांच्या बाजूला बसतो. पट्टकृमी मात्र गोगलगाय आणि गांडूळ यांच्या बाजूला. म्हणजे गांडुळाशी नातं आहेच, फक्त खंडांमुळे वाटलं होतं ते नव्हे. औषधालाही हा भेद कळतो. प्राझिक्वान्टेल पट्टकृमीवर लागू पडतं, त्याच्याच संघातल्या रक्तकृमीवरही पडतं. गोलकृमीवर मात्र त्याची मात्रा चालत नाही, त्याच्यासाठी दुसरी गोळी द्यावी लागते.