ताडोबाचे जंगल

मंडळी, आज आपण वाघाच्या घरी जाऊ.

आफ्रिकेत टांझानिया नावाचा देश आहे. तिथे सेरेंगेटी हे फार मोठे रान जनावरांसाठी राखले आहे. जगभरचे लोक ते पाहायला जातात. एवढ्या लांबचा खर्च आपल्याला कुठून झेपणार? पण आपल्या महाराष्ट्रातच, चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाचे जंगल आहे. आम्ही आंबिवलीची काही माणसे ते पाहून आलो. कल्याणला नागपूरची गाडी धरली. पुढे चंद्रपूर गाठले. तिथून मोहर्लीच्या फाटकाशी गेलो.

हे जंगल १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. आतला राखीव भाग सव्वासहाशे चौरस किलोमीटर आहे. म्हणजे केवढा? पंचवीस किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद चौकोन डोळ्यांपुढे आणा. सेरेंगेटीत असे तेवीस चौकोन मावतील!

उघड्या जीपगाडीतून जायचे. सोबत वाटाड्या असतो. खाली उतरायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही. दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. वाटेत गोंड राजांच्या काळचे दगडी खांब लागले. राजाची स्वारी निघाली की त्यांवरच्या घंटा वाजवीत, असे सांगतात. तळ्याकाठी तारूदेवाचे ठाणे आहे. तारू हा गावचा मुखिया. वाघाशी झुंजताना तो मेला, अशी कथा आहे.

वाघ दिसला का? दिसला. रस्ता ओलांडून तो बांबूत शिरला. आमचे श्वास अडकले.

पण बरे का, वाटाड्याने सांगितले ते जास्त लक्षात राहिले. जंगलाच्या कडेची बायामाणसे पहाटे मोहफुले वेचायला जातात. वाकलेले माणूस वाघाला जनावर वाटते. असे कित्येक जीव गेले. शिवाय २००७ पासून बोटेझरी, नवेगाव, जामणी अशा गावांतली घरे आतून उठून बाहेर वसली. घर गेले, शेत गेले, ओळखीचे रान गेले. सेरेंगेटीतूनही मसाई गुराख्यांना १९५९ साली बाहेर जावे लागले.

तेव्हा वाघ जगला, त्याची किंमत त्या माणसांनीही मोजली आहे. तिकीट काढले म्हणजे आपले देणे फिटले, असे समजू नये. तिकडे गेलात तर तिथल्याच माणसाकडे उतरा, त्याच्याच घरी जेवा. चार पैसे त्याच्या हाती पडू द्या.

आणि आपल्या शहापूर-मुरबाडच्या रानातही बिबट्या आहे. लाकूडफाट्याला एकटे जाऊ नका. अंधारात पोराला एकटे सोडू नका. आपण जपून राहू, म्हणजे तोही जगेल आणि आपणही.